पेरूच्या झाडावरील कोळी
(मारिया सिबिला मेरियन यांचें चरित्र)

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें कुंपणाच्या झाडावर सांपडलेला एक मोठा केसाळ कोळी बिस्किटांच्या डब्यांत घालून शाळेंत आणला. डब्याचें झांकण घट्ट होतें. आंत ओला कापूस व भाकरीचा तुकडा होता. तिसऱ्या दिवशीं कोळी मेला. आपण त्यास खावयास दिलें, पाणी दिलें, मग तो कां मेला, असें तो मुलगा डोळ्यांत पाणी आणून विचारूं लागला. ह्या प्रश्नाचें उत्तर जिच्या आयुष्यांत सांपडतें, अशा एका स्त्रीचें चरित्र आम्ही ह्या अंकीं वाचकांपुढें ठेवीत आहों.

मारिया सिबिला मेरियन हिचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं झाला. तिचा बाप नामांकित ताम्रपटकार व ग्रंथप्रकाशक होता; परंतु मुलगी तीन वर्षांची असतांनाच तो वारला. पुढें आईनें याकोब मारेल नांवाच्या चित्रकाराशीं विवाह केला. मारेल फुलांचीं चित्रें काढण्यांत निपुण होता, आणि ह्या सावत्र बापाजवळच मारियानें कुंचला धरण्यास आरंभ केला. तेराव्या वर्षीं तिनें रेशमाचे किडे पाळले. अंड्यांतून अळी, अळीचा कोश आणि कोशांतून पतंग, हा क्रम तिनें रोज पाहून टिपून ठेविला. किडे चिखलांतून व कुजक्या पदार्थांतून आपोआप उपजतात, असें त्या काळीं पुष्कळ शहाणे लोकहि मानीत असत. एका लहान मुलीनें मात्र स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेविला.

रेशमाच्या किड्यांनंतर तिनें रानांतल्या व बागेंतल्या अळ्या घरीं आणून डब्यांत ठेविल्या. तेव्हां तिच्या ध्यानांत आलें कीं, प्रत्येक अळीचें झाड ठरलेलें असतें. त्याच झाडाचीं ताजीं पानें मिळालीं तर ती वाढते. न मिळालीं तर पुष्कळदां दुसरीं पानें समोर असतांनाहि उपाशीं मरते. म्हणूनच मेरियनबाईंच्या चित्रांत कीटक सहसा एकटा दिसत नाहीं. त्याचें झाड, त्याचीं अंडीं, त्याचा कोश, हीं बहुधा एकाच पानावर असतात. प्राणी आणि त्याचें घर हीं वेगळीं करतां येत नाहींत, हा त्यांच्या साऱ्या विद्येचा पाया होय.

१६६५ सालीं योहान आंद्रेआस ग्राफ ह्या चित्रकाराशीं त्यांचा विवाह झाला व त्यांस दोन मुली झाल्या. संसार सांभाळून त्या मुलींना चित्रकला व भरतकाम शिकवीत, रंग विकीत, आणि रोज अळ्यांना पानें घालीत. १६७९ व १६८३ ह्या सालीं अळ्यांविषयींच्या त्यांच्या ग्रंथाचे दोन भाग निघाले; प्रत्येकांत पन्नास चित्रपट होते. संसार मात्र सुखाचा झाला नाहीं. १६८५ च्या सुमारास आई व मुली यांस घेऊन त्या हॉलंडांतील लाबादी नांवाच्या भाविक ख्रिस्ती मंडळींत राहावयास गेल्या, व १६९१ सालीं ॲमस्टरडॅम शहरीं आल्या. क्षुद्र किड्यांतहि निर्माणकर्त्याचा हात दिसतो, ही त्यांची श्रद्धा शेवटपर्यंत कायम होती.

ॲमस्टरडॅमच्या धनिकांच्या घरीं परदेशांतून आणलेलीं फुलपाखरें पेटींत टांचून ठेवलेलीं असत. पण तीं कोठें उपजलीं व काय खात होतीं, हें तेथें कोणास सांगतां येत नसे. बाईंना त्यानें समाधान होईना. १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, धाकटी मुलगी डोरोथेआ हिला घेऊन त्या दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम ह्या डच वसाहतीस जाणाऱ्या गलबतावर चढल्या. तेथील मळेवाल्यांना साखरेवांचून दुसरें कांहीं सुचत नसे. त्यांनीं बाईंची थट्टा केली. बाईंना साह्य झालें तें तेथील मूळ रहिवाशांचें व आफ्रिकेंतून आणलेल्या गुलामांचें. त्यांनींच रानांत वाट तोडून दिली व किडे आणून दिले. आपल्या अंगणांत असणारा शंकासुर बाईंनीं तेथें चितारिला, आणि त्याच पानावर गुलाम स्त्रियांच्या छळाची नोंद केली. मात्र त्या साह्यकर्त्यांचीं नांवें ग्रंथांत नाहींत, ही गोष्ट आम्हांस आज खटकते.

आजारामुळें त्यांस १७०१ सालीं परतावें लागलें. १७०५ सालीं साठ चित्रपटांचा त्यांचा सुरिनामवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांतील अठराव्या चित्रांत पेरूचें झाड आहे. फांद्यांवर मोठे काळे केसाळ कोळी आहेत, आणि एकानें इवल्याशा गुंजन पक्ष्यास घरट्याबाहेर ओढून धरिलें आहे.

ह्या चित्रानें मोठा वाद माजला. कोळी पक्षी खातो, ही एका बाईची कल्पना असावी, असें पुढील काळांतील कित्येक पंडितांस वाटलें. १८३४ सालीं विल्यम मॅक्ले ह्या शास्त्रज्ञानें ह्या गोष्टीविषयीं उघड संशय प्रकट केला. बाईंच्या हातून चुका झाल्याच नाहींत असें नव्हे. गुंजन पक्षी बहुधा दोनच अंडीं घालतो, पण त्यांनीं घरट्यांत चार दाखविलीं आहेत. तथापि मुख्य गोष्ट खरी ठरली. १८६३ सालीं हेन्री वॉल्टर बेट्स यानें ॲमेझॉनच्या प्रदेशांतील आपल्या प्रवासाचें वर्णन प्रसिद्ध केलें. झाडाच्या खोडावर अशाच कोळ्याच्या तावडींत सांपडलेले दोन लहान पक्षी त्यानें स्वतः पाहिले होते. तेथील मुलें कमरेला दोरी बांधून असा कोळी कुत्र्याप्रमाणें घरांत फिरवीत होतीं, हेंहि त्यानें लिहिलें आहे. आणि त्याचे केस अंगास लागले म्हणजे असह्य खाज सुटते, हें बेट्सला स्वानुभवानें कळलें.

ही सारी कीर्ति पाहण्यास बाई नव्हत्या. पक्षाघातानें आजारी होऊन १३ जानेवारी १७१७ रोजीं त्या ॲमस्टरडॅम येथें वारल्या. त्याच सुमारास रशियाचा बादशहा पीटर याच्यासाठीं त्यांचीं पुष्कळ चित्रें विकत घेण्यांत आलीं.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. असे झाडावरचे कोळी हल्लीं पाश्चात्य देशांत पुष्कळ लोक घरीं पाळतात, आणि ते जगतात तेव्हां मेरियनबाईंच्याच नियमानें जगतात. हा कोळी झाडावर राहणारा, म्हणून त्याची पेटी आडवी नसून उंच हवी. आंत उभी साल किंवा फांदी हवी, म्हणजे तो तिच्या आधारानें रेशमी घर विणतो. पेटीस दोन्ही बाजूंनीं वारा खेळता हवा. कोंदट ओल त्यास मारक होते. पाण्याची लहान वाटी असावी. अन्न म्हणजे जिवंत रातकिडे किंवा झुरळें. पक्षी हा त्याचा क्वचित् मिळणारा घांस, नित्याचा नव्हे. कात टाकण्याच्या वेळीं तो कित्येक दिवस खात नाहीं, तेव्हां त्यास मुळींच छेडूं नये व उरलेला किडा काढून घ्यावा. हातांत तर घेऊंच नये. उंचावरून पडल्यास त्याचें पोट फुटतें. बंद डबा, ओला कापूस व भाकरी ह्यांत त्या मुलाची माया होती, पण कोळ्याचें घर नव्हतें.

आमच्या सह्याद्रींतील झाडांच्या ढोलींतहि असे मोठे कोळी राहतात. हौसेच्या व्यापारासाठीं धरले गेल्यानें त्यांच्या कुळांतील कांहीं जाती धोक्यांत आल्या, म्हणून २०१९ सालीं त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालण्यांत आले. तेव्हां त्यांस त्यांच्या झाडावरच राहूं द्यावें. आमचा तो विद्यार्थी यंदा डबा घरीं ठेवून, वही घेऊन कुंपणापाशीं बसतो. त्याच्या वहींत आतां तीन पानें भरलीं आहेत.