द्वारम वेंकटस्वामी नायडू : शिष्य होऊ आले, गुरू झाले

थोर व्हायोलिनवादक द्वारम वेंकटस्वामी नायडू यांचा जन्म १८९३ साली बंगळूरला झाला. बालपण विशाखापट्टणमला गेले. दृष्टी अधू असल्याने त्यांचे शालेय शिक्षण अपुरे राहिले. थोरले बंधू वेंकटकृष्णय्या यांनी मात्र त्यांना व्हायोलिनचे धडे दिले. १९१९ साली विजयनगरमच्या महाराजा संगीत महाविद्यालयात ते विद्यार्थी म्हणून प्रवेश मागण्यास गेले. त्यांचे वादन ऐकल्यावर तेथे त्यांची नेमणूक झाली ती अध्यापकपदी! १९३६ साली ते त्याच संस्थेचे प्राचार्य झाले. १९५७ मध्ये पद्मश्रीने गौरवलेला हा नादयोगी १९६४ साली निवर्तला.

फळा नीट न दिसणारे मूल आजही एखाद्या वर्गात बसलेले असते. त्याचे कान ओळखणे, हेही शिक्षकाचेच काम.