केडगावच्या पंडिता रमाबाई

सबमिशन, ओरल आणि बॅकलॉगच्या गडबडीत देवावर भरवसा ठेव, असं आपल्याला कोणीतरी सांगतंच. घरून फोन आला की आई तेच म्हणते, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरही तेच म्हणायच्या. पण भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं करायचं काय, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. त्याचं थोडंफार उत्तर मिळालं ते पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचताना. इतिहासाच्या पुस्तकात त्या एक-दोन ओळींतच भेटतात. शारदा सदन, 1889, एक मार्क.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. पुढे त्याच आईने रमेला शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत फिरायचं. 1870 नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला आणि जवळचं होतं नव्हतं ते संपलं. दानधर्म, उपास, अनुष्ठानं, सगळं करून झालं. शेवटी झाडपाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. ही दोघं अर्धा देश पायी फिरली. पंजाबात झेलम नदीकाठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. हा भाग मी दोनदा वाचला. आपल्याकडे गीझर बंद पडला तर केवढा गोंधळ होतो!

1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये कॉलऱ्याने पती गेले. वय फक्त 23, कडेवर वर्षाचीही न झालेली मुलगी. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. इथली एक गोष्ट मला फार आवडते. धर्म स्वीकारला म्हणजे सिस्टर आणि बिशप सांगतील ते मुकाट्याने ऐकायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. पत्रांतून त्या बेधडक वाद घालत. (आम्ही कॉन्व्हेंटमध्ये असा वाद घातला असता तर घरी चिठ्ठी गेली असती.) आपण धर्म तर घेतला पण ख्रिस्त आपल्याला खरा सापडला तो 1891 मध्ये, असं त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे भरवसा काही बाप्तिस्म्यासोबत आयता मिळाला नाही, आठ वर्षं लागली.

आणि तो मिळाल्यावर सगळं सुरळीत झालं म्हणावं, तर तेही नाही. 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्याला आलं होतं. तिथे मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं, वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेलं. आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही अगदीच खोटी नव्हती, सदनात धर्माची सक्ती किंवा प्रचार होणार नाही असं ठरलेलं होतं. पण मुलींसाठी दार बंद करून प्रार्थना करणं बाईंना पटलं नाही.

मग आला 1896 चा दुष्काळ. मध्य प्रांतात माणसं मरत होती. सदनाचा पैसा ठरलेल्या कामासाठीच होता, नव्या मुलींना खायला कुठून घालणार हे माहीत नव्हतं. तरी त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या. नांदेडहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागतं, तिथे त्यांनी सुमारे 100 एकर माळरान घेतलं होतं. तिथे विहिरी खणल्या, फळझाडं लावली. पुण्यात प्लेग आला तेव्हा मुली तंबूत राहिल्या. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्यामुळे माळावर शेकडो तोंडांसाठी पाणी काढायचं म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या पोरांना वेगळं समजावून सांगायला नको. बाई प्रार्थना करत आणि विहीरही खणत. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतल्या मुली आल्या आणि मुक्ती सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, डेअरी, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल. एक पूर्ण वर्कशॉपच म्हणा ना!

मनोरमाबाई आईच्या उजव्या हात झाल्या होत्या. 1912 मध्ये त्यांनी गुलबर्ग्याला शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा आपल्या नांदेडसारखंच निजामाच्या राज्यात होतं. आपल्यामागे सगळं हीच सांभाळेल, असं बाईंनी धरलं होतं. 24 जुलै 1921 ला मनोरमाबाई गेल्या.

तेव्हा रमाबाई 63 वर्षांच्या होत्या, ऐकू जवळजवळ येत नव्हतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं काम त्यांनी अनेक वर्षांपूर्वी हाती घेतलं होतं. लेक गेल्यावरही ते थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला बाई गेल्या. मुक्तीच्या छापखान्यात मुलींनी टाइप जुळवून छापलेलं ते बायबल 1924 मध्ये पूर्ण झालं.