लोकशाहीर अण्णा भाऊ साठे आणि त्यांची झील

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात झाला. तुकाराम हे त्यांचे मूळ नाव. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. सूसच्या आमच्या निवासी शाळेत हे सांगितले की मुले प्रथम हसतात. त्या दीड दिवसामागे जातीची अवहेलना होती, हे कळल्यावर गप्प होतात.

गरिबीमुळे हे कुटुंब वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. पुढे गिरणीतले काम, माटुंग्याचा लेबर कॅम्प आणि कम्युनिस्ट चळवळ. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांनी गाण्यातून लोकजागृतीची वाट आधीच पाडली होती. अण्णा भाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण गणातील गणेशवंदनेच्या जागी मायभूमीला वंदन आणले व गवळण वगळली. आमच्या मते खरे बळ मात्र झीलकऱ्यांचे. पत्रक वाचता न येणारा कामगारही शाहिराची ओळ उचलून धरू शकतो, आणि डफ-तुणतुण्याच्या साथीने एकदा धरलेली ओळ तो चाळीत घेऊन जातो. सभेतील भाषण असे घरी नेता येत नाही. सत्तेलाही हे उमगले असावे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने कलापथकावर बंदी घातली.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड गावोगाव पोहोचली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह तिच्यात बेळगाव-कारवारच्या विरहाशी एकरूप होतो. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव बाहेरच राहिले.

अण्णा भाऊ मार्क्सचे की बाबासाहेबांचे, हा वाद अजून रंगतो. आम्हांस तो काहीसा व्यर्थ वाटतो. ज्यांनी लाल बावट्याखाली गायिले, त्यांनीच १९५८ साली मुंबईतील पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले व ‘फकिरा’ ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली. १९६१ साली ते रशियालाही जाऊन आले.

अखेरची वर्षे हलाखीत गेली. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांचे निधन झाले. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले.