शंकर आबाजी भिसे

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यांतील मुलांस यंत्राचें फारसें नवल उरलेलें नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस सरकारी औषधांचा कारखाना निघाला, पुढें मोटारींचे व दुचाकींचे कारखाने आले, आणि आतां चाकणच्या माळावर रात्रंदिवस पाळ्या चालतात. साहजिकच शाळेंत विज्ञानप्रदर्शन भरावयाचें ठरलें कीं घरोघरीं पुठ्ठे, तारा, लहान मोटरी आणि डिंकाच्या बाटल्या यांचा पसारा पडतो, आणि त्याबरोबर आईबापांच्या मनांत एक प्रश्नहि उभा राहतो : आपण मदत करावी ती किती? आम्हीं अशीं प्रदर्शनें बरींच पाहिलीं आहेत. कित्येकदां नमुना असा सफाईदार असतो कीं पाहतच राहावें. परंतु ही तार येथें कां जोडली, असें विचारतांच मुलगा उत्तर देण्याऐवजीं मागें उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहूं लागतो. बक्षीस मिळतेंहि. तें कोणास मिळालें, हें मात्र सांगतां येत नाहीं.

यंदा आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस आम्ही ज्यांचें चरित्र सांगणार आहों, त्यांनींहि तरुणपणीं अशीच एक स्पर्धा जिंकली होती, व ती साता समुद्रांपलीकडची. त्या बक्षिसाच्या आधीं काय घडलें आणि नंतर काय घडलें, तेंच मुख्यतः सांगण्यासारखें आहे.

शंकरराव भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजीं मुंबईंत झाला. मुंबईच्या रस्त्यांवर ग्यासचे दिवे लागून तेव्हां थोडाच काळ लोटला होता. पुष्कळ मुलें ते दिवे पाहत असतील. शंकररावांस ते करून पाहावेसे वाटले. वयाच्या चौदाव्या वर्षीं त्यांनीं दगडी कोळशापासून ग्यास काढण्याचें एक लहानसें यंत्र, मेजावर मावेल एवढें, घरींच तयार केलें. दगडी कोळसा हवा लागूं न देतां बंद भांड्यांत तापविला म्हणजे त्यांतून ज्वालाग्राही वायु निघतो, मागें डांबर व कोक उरतो. वाचावयास हें सोपें वाटतें. प्रत्यक्षांत डांबराचा चिकटा, सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधि आणि काजळी यांनीं घर भरून जातें. एवढा उद्योग घरांत घडला, त्या अर्थीं घरांतील कोणीतरी तो घडूं दिला असला पाहिजे. त्या वडीलधाऱ्यांचें नांव कोठें गाजलें नाहीं. पण आम्हांस त्यांचें कौतुक शंकररावांइतकेंच वाटतें. (हा वायु विषारी आहे व त्याचा स्फोटहि होतो, तेव्हां आमच्या वाचकांनीं हा प्रयोग घरीं मुळींच करूं नये.)

पुढील शिक्षण त्यांस कोणा गुरूपाशीं मिळालें नाहीं. ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाचे अंक मिळवून त्यांतील आकृत्या व वर्णनें यांवरून ते यंत्रविद्या शिकले. सोळाव्या वर्षीं इंग्लंडांत वा अमेरिकेंत जाऊन शोध लावण्याचा त्यांचा निश्चय झाला. निश्चय झाला तरी पोट होतेंच. त्यांनीं सरकारी हिशेबखात्यांत नोकरी धरली आणि उरलेला वेळ यंत्रांस दिला. आगगाडींतील उतारूंस पुढचें स्टेशन कोणतें तें दाखविणारी युक्ति, कोणी उघडली तर लगेच कळून येईल अशी बाटली, असे कितीतरी बेत त्यांनीं रचले. शिवाय जें आपणांस कळलें तें मराठी वाचकांस कळावें म्हणून ‘विविध कलाप्रकाश’ नांवाचें मासिक चालविलें. त्या काळीं ग्राहक किती मिळणार? तरीहि तें चालविलें, हें विशेष होय.

आतां त्या स्पर्धेकडे वळूं. १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या एका शोधकांच्या मासिकानें असें यंत्र मागविलें कीं, पीठ, साखर यांसारखा किराणा माल मोठ्या सांठ्यांतून आपोआप मोजून ठराविक मापानें बाहेर पडावा. आज पिशव्या भरणारें यंत्र पाहण्यास आमच्या भागांत लांब जावें लागत नाहीं, पण तेव्हां वाण्याच्या हातांतील ताजव्याखेरीज दुसरें साधन नव्हतें. शंकररावांस उत्तररात्रीं एकाएकीं कल्पना सुचली आणि त्यांनीं आराखडा कागदावर उतरविला. विलायतेंतील सर्व स्पर्धकांवर त्यांनीं मात केली. लोक म्हणतात एका रात्रींत शोध लागला. आमच्या मतें त्या रात्रीमागें चौदाव्या वर्षापासूनचे डांबराने काळे झालेले हात होते.

बक्षिसानें मुंबईंत नांव झालें. सर दिनशा वाच्छा यांनीं दादाभाई नवरोजींच्या नांवें पत्र दिलें, आणि शंकरराव लंडनास गेले. दादाभाई १८९२ सालीं पार्लमेंटांत निवडून गेलेले, त्या आधीं एल्फिन्स्टन कॉलेजांत गणिताचे अध्यापक असलेले गृहस्थ. वय सत्तरीच्या पुढें, आणि देशकार्याचा व्याप डोक्यावर. तरी ह्या तरुणाच्या कारागिरीसाठीं त्यांनीं स्वतःचा पैसा घातला, व तो एकदां नव्हे, वर्षानुवर्षें घातला. यंत्राच्या कामांत मात्र त्यांनीं हात घातला नाहीं. शंकररावांनीं विजेच्या दिव्यांची जाहिरातपाटी बनविली. ती १९०१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडली गेली. स्वयंपाकघरांतील उपकरणें, टेलिफोन, डोकेदुखीवरील साधन, यांचीहि खटपट झाली. फायदा असा हातीं पडला नाहीं.

मग त्यांनीं छापखान्याच्या खिळ्यांकडे लक्ष दिलें. शिशाच्या मिश्रधातूचे खिळे ओतण्याचें काम तेव्हां फार सावकाश चाले. शंकररावांचें म्हणणें असें कीं मिनिटास १,२०० खिळे ओततां येतील. लंडनच्या कॅस्लन या नांवाजलेल्या कारखान्यांतील जाणत्यांस तें अशक्य वाटलें. शंकररावांनीं यंत्र करून दाखविलें. परंतु यंत्र करून दाखविणें एक आणि तें बाजारांत आणणें दुसरें. दादाभाईंची शक्ति संपत आली होती. त्यांनीं आपले मित्र हिंडमन यांच्याशीं शंकररावांची गांठ घालून दिली. हिंडमन यांनीं भांडवल जमविण्याचें मनावर घेतलें, पण तें जमलें नाहीं, आणि शंकररावांस कर्मशाळा बंद करून मुंबईस परतावें लागलें. चाळिशी उलटलेली, हातीं कांहीं नाहीं. दादाभाईंचा पैसा वाया गेला असें कोणी म्हणेल. हिशेबाच्या वहींत तो गेलाच, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण दादाभाईंनीं त्याबद्दल शंकररावांस टाकून दिलें नाहीं, हेंहि त्याच वहींत लिहावयास हवें.

ह्या पडत्या काळांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीं रदबदली केली, आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनीं १९१० च्या सुमारास शंकररावांबरोबर संयुक्त मंडळी काढली. शंकरराव पुन्हां लंडनास गेले. खिळे ओतण्याचें यंत्र सुधारत असतांच १९१४ सालीं महायुद्ध पेटलें व ती मंडळीहि मोडली. त्यांनीं तिसऱ्यांदा बिऱ्हाड हलविलें, तें न्यूयॉर्क येथें. तेथें त्यांच्या यंत्रास मान मिळाला. आयोडिनापासून केलेलें ॲटोमिडिन नांवाचें एक औषधहि त्यांनीं काढलें व त्यावर त्यांस बरी प्राप्ति झाली. तेव्हां कोठें निर्वाहाची चिंता दूर झाली.

अमेरिकेंत त्यांस हिंदुस्थानचा एडिसन म्हणूं लागले होते. डिसेंबर १९३० मध्यें खुद्द एडिसनची त्यांनीं भेट घेतली. एडिसनचें वय तेव्हां ८३ वर्षांचें. त्यालाहि शाळेनें नाकारलें होतें आणि आईनें घरीं बसून शिकविलें होतें. तळघरांतील रसायनांच्या बाटल्या तिनें खपवून घेतल्या होत्या. न्यूयॉर्क येथें ७ एप्रिल १९३५ रोजीं, अडुसष्टावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला असतां, शंकररावांचें देहावसान झालें.