एकट्याचें मत

देऊळघाटासारख्या गांवांत पंचाच्या जागीं बसण्याचा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं कोणावरही येईल. म्हणून आज आम्ही जोतीराव फुले यांची हकीकत सांगतों. १८२७ सालीं माळी कुळांत त्यांचा जन्म झाला. इंग्रजी शिक्षण पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें. १८४८ सालीं त्यांनीं मुलींकरितां शाळा काढली, व १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला.

१८७६ पासून १८८२ पर्यंत ते पुणें नगरपालिकेचे सभासद होते. ही नेमणूक सरकारची होती, व सरकारी बांधकामांचीं कंत्राटेंही ते घेत. तथापि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं शहर शृंगारण्यास हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां बत्तीस सभासदांत एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास लावावा, असें त्यांचें म्हणणें होतें. ठराव मंजूर झाला. दारूचीं दुकानें वाढूं लागलीं, तेव्हांही त्यांनीं हरकत घेतली.

१८९० सालीं ते वारले. पंचायतीचा पैसा हारतुऱ्यांस कीं मुलांच्या पाटीस, हा प्रश्न आपणापुढें आला, तर आपला हात कोणीकडे उठेल, हें प्रत्येकानें आजच ठरवून ठेवावें.