लास कासास : जेत्यांच्या गोटातील साक्षीदार

कोलंबसाचे नाव तुमच्यापैकी कोणाला ठाऊक नाही असे होणार नाही. १४९२ साली तो हिंदुस्थानचा जलमार्ग शोधायला निघाला आणि अमेरिकेच्या बेटांवर जाऊन पोहोचला, हे आपण लहानपणीच पाठ केलेले असते. परंतु त्या सफरीची दिवसवार हकिकत आपल्यापर्यंत आली कशी, हे सहसा कोणी विचारीत नाही. कोलंबसाची मूळ रोजनिशी कधीच हरवली. आज वाचायला मिळतो तो एका दुसऱ्याच माणसाने स्वतःच्या हाताने उतरून घेतलेला तिचा गोषवारा. त्या माणसाचे नाव बार्तोलोमे दे लास कासास. स्पॅनिश लोक समुद्रापलीकडे कशासाठी गेले आणि गेल्यावर तेथे काय घडले हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने कोलंबसापेक्षा या माणसाचे चरित्र वाचावे असे मला वाटते. कारण हा नुसता पाहणारा नव्हता. आधी तो त्या लुटीत वाटेकरी होता.

लास कासासचा जन्म १४८४ साली सेव्हिल शहरात झाला. (जुन्या पुस्तकांत १४७४ हे साल आढळते, ते आता चुकीचे ठरले आहे.) वडील पेद्रो हे बेताचे व्यापारी. त्या काळचा स्पेन आपण डोळ्यांसमोर आणू या. जानेवारी १४९२ मध्ये ग्रानाडाचे शेवटचे मुस्लिम राज्य फर्डिनंड व इझाबेला यांच्या स्वाधीन झाले. शतकानुशतके चाललेली लढाई संपली, परंतु लढाईवर जगणारी माणसे शिल्लक राहिली. जिंकलेली जमीन शिपाईगड्यांत वाटायची आणि त्यालाच धर्मकार्य म्हणायचे, ही त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. घरातील धाकट्या मुलांच्या वाट्याला जमीनजुमला फारसा येत नसे. खजिना रिकामा होता. मसाल्याच्या व्यापारातील नफा व्हेनिसचे व्यापारी खात होते, आणि शेजारचा पोर्तुगाल आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेची वाट काढण्याच्या बेतात होता. अशा वेळी पश्चिमेकडून हिंदुस्थान गाठून देण्याचा शब्द देणारा कोलंबस दरबारात उभा राहिला. सोने, धर्म आणि नावलौकिक अशी तीन कारणे इतिहासकार सांगतात. ती तिन्ही खरी आहेत. पण जहाजातून उतरल्यावर पहिली चौकशी कशाची होत असे, ते पुढे येईलच.

पहिल्या सफरीहून परतलेला कोलंबस १४९३ च्या वसंतात सेव्हिलला आला. त्याच्याबरोबर आणलेली सात इंडियन माणसे आणि हिरवे-तांबडे पोपट आठ-नऊ वर्षांच्या बार्तोलोमेने पाहिले. त्याच वर्षी त्याचे वडील दुसऱ्या सफरीवर गेले, आणि परतताना त्यांनी मुलासाठी एक ताइनो पोरगा आणला. पुढे राणीने असे लोक परत पाठविण्याचा हुकूम काढला, तेव्हा तो पोरगा मायदेशी गेला.

फेब्रुवारी १५०२ मध्ये सतरा-अठरा वर्षांचा बार्तोलोमे स्वतःच नवा गव्हर्नर ओव्हान्डो याच्या ताफ्यातून निघाला. त्या ताफ्यात सुमारे अडीच हजार माणसे होती. त्याच महिन्यात कॅस्टिलमधील मुसलमानांना बाप्तिस्मा घ्या अथवा देश सोडा, असा हुकूम सुटला होता. ग्रानाडा घेताना धर्मस्वातंत्र्याचे लेखी वचन दिले होते, त्याला तेव्हा दहा वर्षेच झाली होती. समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकच राजसत्ता आणि एकच रीत होती, एवढे ध्यानात ठेवा.

जहाजे हिस्पॅनिओला बेटाच्या किनाऱ्याला लागली तेव्हा धक्क्यावरच्या लोकांनी ओरडून दोन आनंदाच्या बातम्या दिल्या. एक, सोन्याचा मोठा थोरला गोळा सापडला आहे. दुसरी, एका भागात इंडियन लोक उठले आहेत, म्हणजे आता त्यांना गुलाम करायला मोकळीक मिळाली! ही हकिकत लास कासासनेच लिहून ठेवली आहे. तो सोन्याचा गोळा ओढ्याकाठी एका इंडियन बाईला सापडला होता. स्पेनला नेताना तो वादळात जहाजासकट समुद्रतळाशी गेला.

तेथील व्यवस्थेला एन्कोमिएंडा म्हणत. एखाद्या स्पॅनिश माणसाला पन्नास, शंभर, दोनशे इंडियन नेमून द्यायचे. त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि त्यांनी त्याच्या शेतात व खाणीत राबायचे. कागदावर हे लोक गुलाम नव्हते. आपल्याकडील वेठबिगार ज्यांना ऐकून ठाऊक आहे, त्यांना कागद आणि प्रत्यक्ष यांतील अंतर समजावून सांगायला नको. पुरुषांना महिनोन्‌महिने सोन्याच्या वाळूत ठेवीत, बायका शेतात, लागवड बुडाली की उपासमार. धर्मशिक्षण बहुतेक ठिकाणी झालेच नाही. सक्तीची मेहनत, उपासमार आणि मारझोड यांनी माणसे मरत गेली. १५१४ च्या मोजणीत हिस्पॅनिओलावर सुमारे सव्वीस हजार ताइनो उरले होते. १५१८ च्या अखेरीस देवीची साथ आली. हा रोग या लोकांनी कधी पाहिलाच नव्हता. मूळ लोकसंख्या किती होती याविषयी विद्वानांत मोठा वाद आहे आणि लास कासासने दिलेले तीस लाखांहून अधिकचे आकडे आज बहुतेक जण मान्य करीत नाहीत. पण शतकाच्या मध्यापर्यंत तेथे काही शे माणसे उरली होती, याविषयी वाद नाही.

लास कासासलाही इंडियन मिळाले होते. तो शेती करी, सोने काढून घेई आणि पुढे पाद्रीही झाला. या दोहोंत त्याला काही विसंगत वाटले नाही. डिसेंबर १५११ मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये मॉन्टेसिनोस नावाच्या डोमिनिकन साधूने गव्हर्नरासह साऱ्या बड्या लोकांना तोंडावर विचारले, की ही माणसे नाहीत काय, आणि कोणत्या हक्काने तुम्ही त्यांना असे राबवता? गावात खळबळ माजली. शब्द मागे घेण्याची मागणी झाली. पुढच्या रविवारी सगळे माफी ऐकायला जमले, तर त्याने तेच अधिक कडक शब्दांत सांगितले. लास कासासवर मात्र याचा परिणाम झाला नाही. एका साधूने, तुझ्याजवळ इंडियन आहेत म्हणून तुझे पापनिवेदन मी ऐकणार नाही, असे सांगितले तेव्हा तो वाद घालून परत आला.

मग तो नार्व्हाएझच्या फौजेबरोबर क्यूबात गेला. काओनाओ या गावापाशी सैनिकांनी कोरड्या ओढ्यातील दगडांवर तलवारींना धार लावली. गावचे लोक मासे आणि कसावाची भाकरी घेऊन पाहुण्यांसमोर उकिडवे बसले होते. (कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो.) कोणीतरी अचानक तलवार उपसली आणि शेकडो माणसे कापली गेली. लास कासास तेथे होता. आवरण्याची त्याने धडपड केली, ती व्यर्थ गेली. आणि वाचकहो, पुढचे ऐका. हे सारे पाहूनही त्याच क्यूबात त्याने आपली इंडियनांची वाटणी घेतली आणि मित्र रेन्तेरियाच्या भागीदारीत मळा व सोन्याचा धंदा मांडला. मनुष्य वाईट नव्हता. सर्व भले लोक जे करीत होते तेच तोही करीत होता.

१५१४ साली सणाच्या प्रवचनाची तयारी करताना, गरिबाचे हिरावून घेऊन देवाला अर्पण केलेले देवाला चालत नाही, अशा अर्थाचा धर्मग्रंथातील मजकूर त्याच्यासमोर आला. कित्येक दिवस तो विचार करीत राहिला. १५ ऑगस्टच्या प्रवचनात त्याने भर सभेत आपले इंडियन परत केल्याचे जाहीर केले. गव्हर्नराला वाटले, पाद्रीबुवांचे डोके फिरले. रेन्तेरिया तेव्हा जमैकाला होता. तो परतला तेव्हा कळले की त्याच्याही मनात तिकडे असाच विचार घोळत होता : स्पेनला जाऊन इंडियन मुलांसाठी शाळा काढण्याची परवानगी मिळवावी. मग रेन्तेरियाने आणलेला माल विकून लास कासासच्या प्रवासाचा खर्च भागविण्यात आला.

पुढची पन्नास वर्षे हा माणूस दरबाराच्या पायऱ्या झिजवीत राहिला. १५१५ च्या नाताळात तो फर्डिनंड राजाला भेटला. महिनाभरात राजा वारला. इंडीजचा कारभार पाहणाऱ्या बिशप फोन्सेका यांना त्याने सांगितले, की क्यूबात तीन महिन्यांत सात हजार मुले मेली. बिशपसाहेबांनी त्याच्याशी आपला काय संबंध, असे विचारले. त्यांच्या स्वतःच्या नावावरही तिकडे इंडियन होते! पुढे लास कासासला इंडियनांचा संरक्षक ही पदवी मिळाली, अधिकार मात्र बेताचेच. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर त्याने शांततेची वसाहत मांडली, ती इतर स्पॅनिशांनी गुलाम पकडल्यामुळे चिडलेल्या लोकांनी १५२२ मध्ये उद्ध्वस्त केली. खचून तो डोमिनिकन मठात शिरला आणि इतिहास लिहू लागला.

दरम्यान क्यूबात गव्हर्नराचा चिटणीस असलेला कोर्तेझ मेक्सिकोवर गेला. १५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडले. १५३२ मध्ये पिझारोने पेरूच्या इंका राजाला, अताहुआल्पाला, कैद केले. खोलीभर सोन्याची खंडणी घेतली आणि तरीही पुढच्या वर्षी त्याला मारले. स्वारीपूर्वी एक जाहीरनामा वाचण्याचा १५१३ पासून नियम होता : पोप आणि राजा यांची सत्ता मान्य करा, न कराल तर होणाऱ्या हानीला तुम्हीच जबाबदार. तो स्पॅनिश भाषेत वाचला जाई, कधी दूर रानातून, कधी ओसाड गावासमोर. यावर हसावे की रडावे हे लास कासासला कळेना.

१५४२ साली त्याच्या खटपटीस मोठे यश आले. सम्राट चार्ल्सने नवे कायदे केले : इंडियनांना गुलाम करण्यास बंदी, नवी वाटणी बंद, आणि वाटणीदार मेला की त्याचे इंडियन राजाकडे. आपल्या वतनदारांना वतन वंशपरंपरा चालणार नाही असे सांगावे, तसेच हे झाले. पेरूत बंड होऊन १५४६ मध्ये व्हाइसरॉय मारला गेला. वारसाबंदीचे कलम त्याआधीच, १५४५ मध्ये, रद्द झाले होते. चियापासचा बिशप म्हणून गेलेल्या लास कासासने, गुलाम सोडल्याशिवाय पापक्षमा नाही, असा दंडक घातला. गावाने त्याला टिकू दिले नाही.

१५५० मध्ये वायादोलिद येथे अशा स्वाऱ्या न्याय्य आहेत काय यावर विद्वानांची सभा बसली आणि निर्णय होईपर्यंत नव्या मोहिमा थांबवण्याचा हुकूम झाला. जिंकणाऱ्या राजाने स्वतःच्या विजयाची अशी चौकशी करावी, हे मला विशेष वाटते. समोर सेपुल्वेडा हा पंडित होता; काही लोक निसर्गतःच दास असतात, हे अॅरिस्टॉटलचे मत त्याचा आधार. त्याने अमेरिका कधी पाहिली नव्हती. तो पहिल्या दिवशी तीन तास बोलला. लास कासासने पाच दिवस आपला ग्रंथ वाचून दाखविला. स्पष्ट निकाल कधी लागलाच नाही. १५५२ मध्ये त्याने आपले अत्याचारांचे छोटे पुस्तक छापले. हॉलंड, फ्रान्स व इंग्लंडमध्ये त्याची भाषांतरे झाली आणि स्पेनला बदनाम करण्यासाठी ती आनंदाने वाचली गेली. ते वाचणाऱ्या राष्ट्रांनी नंतर आपापल्या वसाहतींत काय केले, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

स्पेनला तरी काय मिळाले? पोतोसीची चांदी १५४५ मध्ये सापडली आणि सावकार व लढाया यांच्या वाटेने निघून गेली. त्या चांदीचा काही भाग व्यापारातून सुरतेला येऊन मुघलांच्या रुपयात मुरला. मिरची, मका, बटाटा, भुईमूग यांचा उगमही त्या खंडातला. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली आणि आज तिच्यावाचून आपले कालवण होत नाही.

लास कासास जुलै १५६६ मध्ये माद्रिदच्या मठात वारला. इतिहासाचे हस्तलिखित चाळीस वर्षे प्रसिद्ध करू नये असे त्याने सांगून ठेवले होते. ते छापले गेले १८७५ साली. त्यात त्याने स्वतःलाही सोडलेले नाही. इंडियनांचे हाल वाचावेत म्हणून तरुणपणी त्यानेच आफ्रिकेतून गुलाम आणण्याची सूचना केली होती. ती प्रथा आधीच सुरू झालेली होती, आणि १५१८ मध्ये चार हजार आफ्रिकी गुलाम नेण्याचा परवाना राजाने एका मर्जीतल्या सरदाराला दिला. पुढे पोर्तुगीज त्या लोकांना कसे पकडतात हे समजल्यावर, इंडियनांइतकाच हाही अन्याय होता, आणि आपल्या अज्ञानाची सबब देवापुढे चालेल की नाही याची खात्री नाही, असे त्याने लिहून ठेवले. ज्या क्यूबात त्याने आपली वाटणी परत केली, तेथे आफ्रिकी लोकांची गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८६ साली.