आजारपणात अंथरुणावर पडून लागलेला शोध : दोन घड्याळं एका तालात का चालतात?

फेब्रुवारी १६६५. नेदरलँड्समधलं हेग शहर. ख्रिस्तियान हायगेन्स आजारी होता. समोर त्यानेच बनवलेली दोन लंबकाची घड्याळं शेजारी शेजारी टांगलेली होती. त्यांच्याकडे बघता बघता त्याला विचित्र गोष्ट दिसली. दोन्ही लंबक अगदी एका तालात हलत होते, पण एक डावीकडे गेला की दुसरा उजवीकडे!

त्याने मुद्दाम ताल बिघडवला. अर्ध्या तासात घड्याळं पुन्हा जुळली.

हायगेन्स काही साधा घड्याळजी नव्हता. १६५५ मध्ये त्याने शनीचा टायटन हा चंद्र शोधला, तर १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. आता त्याला समुद्रावर चालणारं घड्याळ हवं होतं. कारण जहाजावर वेळ चार मिनिटांनी चुकली, की रेखांश एक अंशाने चुकतो. विषुववृत्तावर ही चूक तब्बल १११ किलोमीटरची! एक घड्याळ बंद पडलं तर दुसरं असावं, म्हणून ही जोडी होती.

आधी त्याला वाटलं, हा हवेच्या झोताचा परिणाम असावा. मग खरं कारण सापडलं : दोन्ही घड्याळं एकाच लाकडी तुळईला टांगलेली होती. लंबकांच्या धक्क्यांनी ती तुळई डोळ्यांना दिसणार नाही इतकी हलायची आणि त्यातून एकाची हालचाल दुसऱ्याला ‘कळायची’. लंबक उलट दिशांनी हलले की धक्के एकमेकांना रद्द करायचे, म्हणून तीच चाल टिकायची.

पण याच शोधाने त्याच्या स्वप्नाला तडा गेला. एवढ्याशा हालचालीने जे घड्याळ बदलतं, ते वादळातल्या जहाजावर काय टिकणार? पुढे प्रयत्न करूनही समुद्रावरचं भरवशाचं घड्याळ त्याला साधलं नाही. १६९५ मध्ये हेगमध्येच तो वारला. ते कोडं अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने सोडवलं, तेही लंबकाशिवाय.

हायगेन्सचं निरीक्षण मात्र आजही कामाला येतंय. मेंदूतल्या पेशी असोत की वीजनिर्मितीची यंत्रं, ‘एकमेकांचा ताल पकडणं’ सगळीकडे आहे. फरक एवढाच, की तिथे कधी कधी संदेश उशिरा पोहोचतो. मैदानात १७० मीटर लांबून येणारी टाळी तुम्हाला अर्धा सेकंद उशिरा ऐकू येते. दर सेकंदाला एक टाळी पडत असेल, तर तो आवाज ऐकून वाजवलेली तुमची टाळी बरोबर उलट्या वेळी पडेल! म्हणजे ताल जुळणार की विस्कटणार, हे उशीर किती झाला यावरही ठरतं.